आठवी पायरी

हमरिया, शेड नंबर चार.
सोळा पायऱ्यांचा जिना, खाली वाळू, वर कंट्रोल रूम,
मधे काही नाही.
मधे एक खांब होता, ड्रॉइंगवर.

मला बोलावलं ते 'जरा हलतो' एवढ्यासाठी.
जरा हा शब्द इकडे फार चालतो.
जरा ऊन आहे. पगार जरा उशिरा.

कुंजुमोन फोरमन म्हणाला, साहेब, पडणार नाही.
पडणार नाहीच, मी म्हटलं.
पडणं वेगळं, वाकणं वेगळं.
वाकण्याचा हिशेब कुणी मागत नाही,
म्हणून तो हिंडत हिंडत माझ्याकडे येतो.

डायल गेज लावला. चौघांना मधोमध उभं केलं.
बावीस मिलिमीटर.
पंधरापर्यंत चालवून घेतलं असतं.
मग एकट्या टेकबहादूरला सांगितलं, चढ, नेहमीसारखा.
आणि त्याच्या ठेक्यात जिना नेमका सापडला,
झोपाळ्याला पोर बरोब्बर वेळेवर रेटा देतं तसा.
तो वर पोचून वळला तरी
लोखंड थोडा वेळ चालतच होतं.

चॅनेल अडीचशेचा सांगितलेला, दीडशेचा बसवलेला.
वेल्ड सहाऐवजी चारचा,
तोही कडेला कुरतडलेला, उंदराने भाकरी खावी तसा.
ज्याने भरला त्याचा व्हिसा संपून दोन उन्हाळे झाले.
रंग मात्र झकास, पिवळा, तीन हात;
त्याची पावतीसुद्धा आहे.

साडेबाराला भोंगा झाला. उन्हातलं काम तीनपर्यंत बंद.
सावलीत टेकलो, तेव्हा दिसले
पायऱ्यांवर चहाचे डाग.
पहिल्या तीनवर काही नाही. चौथीवर थेंब.
सहावी-सातवीवर ओघळ,
आठवी, नववी पुरती तपकिरी,
मग उतरत उतरत पंधरावी स्वच्छ.
माझ्या वहीतला आलेख,
ज्याचे कंपनी दिवसाला नऊशे दिरहम लावते,
तो शफिउरने किटली घेऊन आधीच काढून ठेवलेला.

शफिउर सिल्हेटचा. दहाला आणि चारला, बारा कप.
आधी फार सांडायचा, म्हणाला. पैसे कापायचे. मग शिकलो.
काय शिकलो ते चालून दाखवलं:
पाचवीपर्यंत सरळ, मग एक पाऊल लांब, एक आखूड,
आठवीवर गुडघा सैल, होडीत उतरतात तसा.
'जिन्याला कळू द्यायचं नाही, आपण कधी येतोय.'

चौदा वर्षं रिपोर्ट लिहितोय,
असं वाक्य एकदाही जमलं नाही.
मी लिहिलं, वापरणाऱ्यांनी आपली चाल बदलली आहे.
क्लायंट म्हणाला, ही ओळ काढा.
काढली.

खांब आला तेविसाव्या दिवशी.
वेल्ड भरले जलील मुकादमने, दाभोळच्या,
गळ्यातलं फडकं भिजवून भिजवून.
सहाचा म्हणजे सहाचा, गेज धरलं तर उजेड शिरेना.
पुन्हा चौघे चढवले. सुई तीनवर.
सगळ्यांच्या सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला शफिउर ट्रे घेऊन निघाला.
पाचवीपर्यंत सरळ. एक लांब, एक आखूड.
आठवीवर गुडघा सोडला
आणि पायरी खाली आलीच नाही.
होती तिथेच.
बाराही कप गेले.
वरचे हसले, तोही हसला,
मग ओणवा होऊन पायरीला पालथा हात लावून पाहिला,
पोराचा ताप बघतात तसा.
चटका बसला असणार.

रात्री खेडला फोन लावला.
नव्या घराचा जिना झालाय, बायको म्हणाली,
हत्ती चढवा.
हलतो का, मी विचारलं.
'इश्श, हलेल कशाला?'

डिसेंबरात जाईन दहा दिवस.
जपून चढायला हवं.